जगदीश भाऊजींचे उपवास

जगदीश भाऊजी आमच्याकडे आले की आधी त्यांचा आवाज यायचा आणि मग ते यायचे. गल्ली अरुंद, त्यामुळे गाडी नाल्याजवळच्या कोपऱ्यावर लावावी लागायची. तिथून चालत येताना ते दोन-तीन घरांशी बोलून घ्यायचे आणि आमच्या दारात पाय ठेवण्याआधीच ओरडायचे, "जयभीम आबा! मी उनू! बठ्ठा मजामा शेत ना?" मी आलो, सगळे मजेत ना, असं त्यांच्या बोलीत.

आबा म्हणजे माझे सासरे. नाव आधार. फॅक्टरीतून निवृत्त होऊन त्यांना पंधरा वर्षं झाली. माझे मिस्टर प्रशील त्याच फॅक्टरीत आहेत. मी शेजारच्या गावात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. घरात सासूबाई आहेत आणि माझी दहा वर्षांची प्राची. वरणगावातलं आमचं घर म्हणजे कायम माणसांचा राबता. कुणी दाखल्यावर सही घ्यायला येतं, कुणी आबांशी बोलायला, कुणी नुसतं पाणी प्यायला.

जगदीश भाऊजी धुळ्याचे. प्रशील आणि ते आयटीआयला एका खोलीत राहायचे. पुढे ते एका बियाण्याच्या कंपनीत लागले आणि त्यांच्या वाट्याला रावेर, जामनेर, पहूर हा सगळा भाग आला. त्यामुळे महिन्या-दीड महिन्यातून एक चक्कर आमच्याकडे ठरलेली. माझ्या लग्नाला बारा वर्षं झाली आणि बारा वर्षं मी त्यांना असंच बघत आले. ते आले की आबा खाटेवरून उठून बसायचे. सासूबाई तोंडाला पदर लावून हसायच्या. प्राची त्यांच्या खिशात हात घालायची, कारण खिशात चॉकलेट असायचंच.

दोन वर्षांपूर्वी आबांच्या मांडीचं हाड मोडलं आणि भुसावळला ऑपरेशन झालं. त्यांचा रक्तगट पटकन मिळत नव्हता. भाऊजींचा तोच निघाला. ते धुळ्याहून गाडी हाणत आले, रक्त दिलं आणि बाहेर येऊन आबांना म्हणाले, "आबा, आता माझ्यासारख्या शिव्या यायला लागतील तुम्हाला, सांभाळा." त्या दिवशी हा माणूस मला सख्ख्या दिरापेक्षा जवळचा वाटला होता, हे आधीच सांगून टाकते.

फक्त एक होतं. ते आमच्याकडे कधी जेवायचे नाहीत.

तेव्हा मला हे असं एका वाक्यात दिसलं नव्हतं. प्रत्येक वेळी वेगळं कारण असायचं. सोमवार असायचा. गुरुवार असायचा. चतुर्थी असायची. आत्ताच पहूरला एका शेतकऱ्यानं बळजबरीनं जेवू घातलंय, वहिनी, पोट फुटायला आलंय. ॲसिडिटी वाढलीय, डॉक्टरांनी फक्त ताक सांगितलंय. ताक दिलं तर सर्दी. चहा तर त्यांनी सोडलेलाच होता. पाण्याची बाटली त्यांच्या हातात असायची. मी म्हणायची, "भाऊजी, घरचं पाणी घ्या ना, माठातलं आहे." ते म्हणायचे, "वहिनी, दहा गावचं पाणी पिऊन पोटाची वाट लागली, आता ही बाटलीच माझी बायको." सगळे हसायचे. मीही हसायची.

मग मी डबा भरून द्यायची. शेवभाजी, कळण्याची भाकरी, वांग्याचं भरीत, जे असेल ते. "घरी जाऊन खा, सुनिता वहिनींनाही द्या." ते डबा हातात घेऊन त्याचा वास घ्यायचे, डोळे मिटायचे, म्हणायचे, "वा!" पुढच्या खेपेला तोच डबा घासूनपुसून परत यायचा आणि त्यात त्यांच्या बायकोच्या, सुनिता वहिनींच्या हातचे लाडू नाहीतर शंकरपाळे असायचे. ते आम्ही खायचो. आवडीनं खायचो. प्राची तर डब्यावर टपलेली असायची.

यंदा मे महिन्यात एका रविवारी आमच्याकडे बिबड्या, म्हणजे ज्वारीचे पापड, घालायच्या होत्या. तीन दिवस भिजवलेली ज्वारी दळून आणली होती. अंगणात चुलीवर मोठं पातेलं चढलं होतं. सासूबाई आणि शेजारच्या भागाबाई घाटा ढवळत होत्या. तीळ, लसूण, मिरची घातलेलं ते पीठ शिजत आलं की सगळ्या गल्लीला वास जातो. शिजलेला घाटा मी ओल्या फडक्यावर थापत होते आणि प्रशील वर गच्चीवर खाटा मांडून त्यांच्यावर जुन्या साड्या अंथरत होते. ऊन चढायच्या आत आटपायचं होतं, म्हणून कुणालाच मान वर करायला फुरसत नव्हती.

तेवढ्यात आवाज आला. "जयभीम आबा! बठ्ठा गाव जमाडं का काय?"

पुढचा तासभर भाऊजींनी अंगण नुसतं हलवून सोडलं. चुलीजवळ बसून जाळ फुंकला. भागाबाईंशी ओळखदेखील नव्हती, तरी त्यांना "मावशी, तुमच्या हातात जादू आहे" म्हणून लाजवलं. रावेरला केळीच्या ट्रकमागं वरात कशी अडकली, नवरदेव घोडीवर घामाघूम आणि घोडीनं ट्रकमधला अर्धा घड कसा फस्त केला, हे त्यांनी घोडीसकट करून दाखवलं. आबांना हसून हसून ठसका लागला. गच्चीवरून प्रशील ओरडले, "जगू, वर ये रे, हात लाव!" भाऊजी म्हणाले, "मी व्यवस्थापक शे, मजूर नही!"

घाटा गरमागरम, वर कच्चं शेंगदाण्याचं तेल, असा वाटीत घेऊन मी त्यांच्यासमोर गेले. वर्षातून एकदाच मिळणारी गोष्ट. आमच्याकडे घाट्यासाठी लोक लांबून येतात.

"वहिनी," त्यांनी हात जोडले, "आज एकादशी."

मी म्हटलं, "मग डब्यात देते. उद्या गरम करून खा."

"द्याच!" ते म्हणाले. "नाही दिला तर मी इथून हलणार नाही."

मी मोठा डबा भरला. घाटा, वेगळ्या पुडीत तेल, आणि पहिल्या घाण्याच्या सहा ओल्या बिबड्या. डबा घेऊन ते निघाले. एरवी प्रशील त्यांना गाडीपर्यंत सोडायला जायचे, न चुकता. पाऊस असो, ऊन असो, "मी सोडून येतो" म्हणून उठायचेच. त्या दिवशी ते गच्चीवर अडकले होते. वरूनच हात केला.

दोन मिनिटांनी प्राची म्हणाली, "आई, काकांचा मोबाईल राहिला."

चुलीजवळच्या पाटावर तो पडला होता. मी तशीच उठले. हाताला घाटा लागलेला, तो पदराला पुसत धावले. कोपरा वळले आणि थांबले.

भाऊजी नाल्याच्या कडेला उभे होते. पाठ माझ्याकडे. डबा उलटा करून ते त्याच्या बुडावर हातानं थापट्या मारत होते, कारण घाटा चिकट असतो, लवकर सुटत नाही. तो सुटला आणि खाली पडला. खाली दोन कुत्री होती आणि एक डुक्कर नाल्यातून वर येत होतं. बिबड्या आधीच पडल्या होत्या. त्यातली एक डुकरानं तोंडात धरली. भाऊजी तोंडानं काहीतरी गुणगुणत होते. मग त्यांनी डब्याला वर्तमानपत्र गुंडाळलं, दोन बोटांनी तो उचलला आणि डिकीत एका पिशवीत टाकला. ही सगळी हालचाल इतकी सरावाची होती की मला पहिली शिसारी त्या सरावाचीच आली. टाकून दिलेल्या घाट्याचं नंतर सुचलं.

ते वळले. मी दिसले. एक क्षण त्यांचा चेहरा रिकामा झाला, आणि लगेच तो नेहमीचा झाला.

"अरे वहिनी! बघा ना, हातातून सटकला डबा. कुत्र्यांची चंगळ झाली!"

मी मोबाईल पुढे केला. त्यांनी तो घेतला. "थँक्यू, थँक्यू, याच्याशिवाय मी आंधळा," म्हणत ते गाडीत बसले. मी तिथेच उभी होते. काच वर होती, पण ऊन समोरून होतं आणि आतलं स्पष्ट दिसत होतं. त्यांनी डॅशबोर्डवरून टिश्यू पेपर काढला आणि मोबाईल पुसला. माझ्या बोटांचा घाटा त्याला लागला असेल, असं मी स्वतःला सांगितलं. पण घाट्याच्या डागाला एकदा पुसलं तरी पुरलं असतं. त्यांनी पुढून पुसला, मागून पुसला, कडा पुसल्या. दुसरा टिश्यू घेतला. मग बाटलीतलं सॅनिटायझर हातावर घेऊन मनगटापर्यंत चोळलं. आणि मग मान वर करून, मी अजून तिथेच आहे हे पाहून, हसून हात हलवला.

घरी येऊन मी पुन्हा कामाला बसले. सासूबाईंनी फडकं पुढे केलं. घाट्याचा गरम वास नाकात गेला. मी न्हाणीत जाऊन ओकले. सगळ्यांना वाटलं, ऊन लागलं.

दुपारी चारला प्रशील आणि मी गच्चीवर बिबड्या उलटवत होतो. तेव्हा मी सांगितलं. जे पाहिलं ते, काही न वाढवता. मला वाटलं होतं ते चिडतील, विश्वास ठेवणार नाहीत, फोन लावतील.

ते बिबडीच्या कडा सोडवत राहिले. मग म्हणाले, "मी खाली असतो तर तुला जावं लागलं नसतं."

मला कळायला वेळ लागला.

"तुम्हाला माहीत आहे?"

"आयटीआयपासून." त्यांनी खाली बघतच सांगितलं. "एका खोलीत होतो, पण त्याचा डबा वेगळा, माठ वेगळा. घरचं वळणच तसं. माणूस वाईट नाही गं. एकदा त्यानं प्रयत्न केला, माझ्या ताटात जेवला. उलटी झाली त्याला. रडला बिचारा. म्हणाला, मला जमत नाही, मी काय करू. तेव्हापासून मी कधी म्हटलं नाही."

"बिचारा?"

"ज्योती, त्यानं आबांना रक्त दिलं."

"दिलं. द्यायला त्याला चालतं. घ्यायला चालत नाही. त्याच्या घरचे लाडू आपण खायचे, आपला घाटा डुकरानं खायचा." मग माझ्या डोक्यात एकदम काहीतरी जुळलं. "तुम्ही सोडायला जायचे ते... तुम्ही तिथे उभे असायचे? तो टाकायचा तेव्हा?"

ते पुढच्या बिबडीकडे वळले.

"बारा वर्षं मी पहाटे उठून त्या माणसासाठी भाकरी थापल्या. तू तिथे उभा राहून बघायचास?"

लग्नानंतर पहिल्यांदा माझ्या तोंडून त्यांना 'तू' निघालं. ते म्हणाले, "मी नाल्याकडे पाठ करून उभा राहायचो. कुणी येत नाही ना, ते बघायला."

नवऱ्याच्या अंगाचा, घामाचा, कपड्यांचा वास मला कधी नकोसा झाला नव्हता. त्या दुपारी झाला. माझ्यापासून दोन हातांवर तो माणूस बिबड्या उलटवत होता आणि मला त्याच्याजवळ उभं राहवेना. जगदीश भाऊजींची किळस निदान सरळ होती. ही सरळ नव्हती. हा माणूस मला प्रत्येक खेपेला विचारायचा, डबा भरलास ना जगूचा?

खाली येऊन मी फडताळातला सुनिता वहिनींच्या लाडवांचा डबा काढला आणि कचऱ्यात उपडा केला. प्राची किंचाळली. आबांनी विचारलं, काय झालं. मी सांगितलं. प्राचीसमोर सांगितलं. लपवायचं कुणासाठी?

सासूबाईंनी रिकामा डबा उचलून बाजूला ठेवला. मग म्हणाल्या, "मला वाटायचं. पाणी ठेवायची मी त्याच्यापुढं. पेल्याला कधी तोंड लागलेलं पाहिलं नाही."

"मग बोलला का नाहीत आई?"

"हे हसायचे ना," त्या आबांकडे बघून म्हणाल्या. "घरात कुणी एवढं हसवतं का यांना?"

आबांनी आपल्या हाताकडे पाहिलं, जिथं रक्त चढवायची सुई लागली होती तिथे. ते रात्री जेवले नाहीत.

जुलैमध्ये, शाळा सुरू झाल्यावर, भाऊजी पुन्हा आले. रविवारच होता. त्यांना वाटलं असावं, मी विसरले, किंवा सटकला डबा यावर माझा विश्वास बसला. "जयभीम आबा! मी उनू!" तोच आवाज. प्राची खोलीतून बाहेर आली नाही. आबा उठून बसले नाहीत.

भाऊजी आपले बोलत होते. पहूरच्या कुठल्याशा बैलाची गोष्ट होती. कुणी हसलं नाही, तरी त्यांनी ती पूर्ण केली. मग आबा म्हणाले, "जगदीश, जेवायची वेळ झाली. बस."

"आबा, आज माझं..."

"आज काही नाही," आबा म्हणाले. "मी कॅलेंडर बघितलं."

मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते. म्हटलं, "भाऊजी, कारण नका काढू. मी नाल्यावर सगळं पाहिलंय. मोबाईल पुसतानाही पाहिलंय. जेवायचं नसेल तर नका जेवू. फक्त उपवास आहे म्हणू नका."

 प्रशील भिंतीला टेकून उभे होते, मान खाली. भाऊजींचा चेहरा लाल झाला. मला वाटलं ते उठून जातील. पण ते खाली बसले, मांडी घातली आणि म्हणाले, "वाढा वहिनी. एवढा गैरसमज झालाय तर वाढाच. आज दाखवतोच."

सासूबाईंनी ताट वाढलं. भाकरी, मेथीची भाजी, कांदा. भाऊजींनी भाकरीचा तुकडा मोडला. सगळ्यांकडे एकदा हसून पाहिलं. तुकडा तोंडात घातला.

ते चावत राहिले. आम्ही चौघं बघत राहिलो. त्यांच्या कपाळावर घाम आला. गालाची हाडं वर-खाली होत होती, पण घास पुढे जात नव्हता. डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी आपल्या बाटलीतलं पाणी तोंडात घेतलं आणि औषधाची गोळी गिळतात तसा तो घास मान वर करून गिळला. मग दुसरा तुकडा मोडला. 

"बघ," प्रशील एकदम म्हणाले. त्यांचा आवाज हलका झाला होता, मोकळा झाला होता. "बघ ज्योती, खातोय ना तो! आता तरी..."

मी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावर आनंद होता. परीक्षेत कसाबसा पास झालेल्या पोराच्या बापाच्या चेहऱ्यावर असतो तसला. खाली एक माणूस आमची भाकरी ओकारी दाबून गिळत होता आणि वर माझा नवरा त्याचे आभार मानत होता. आणि मी, मीही चवीनं बघत होते, दुसरा घास जातो का ते. माझी मला शिसारी आली. आपण माणसाला भाकरी खायला लावून त्याचा गळा बघत उभ्या आहोत, ही काय गत.

मी वाकून ताट उचललं.

"पुरे भाऊजी. नका खाऊ. उठा."

"अहो वहिनी, मी खातोय ना..." हे त्यांनी खरंच दुखावून म्हटलं. त्यांच्या दृष्टीनं त्यांनी फार मोठी गोष्ट केली होती. कदाचित केलीही असेल.

"तुम्हाला त्रास होतोय. आम्हालाही होतोय. आमच्या घरात जेवण असं खात नाहीत."

ते आबांकडे वळले. "आबा, तुम्ही तरी सांगा. मी कधी तुम्हाला परकं मानलं?"

आबांनी डोळे मिटून घेतले होते. न उघडताच म्हणाले, "तू रक्त दिलंस, ते मी विसरणार नाही. पण आता इथं येत जाऊ नकोस बाबा. मला तुझ्या गोष्टींवर हसू येणार नाही."

भाऊजी उठले. दारात त्यांनी चपला घातल्या, पण त्यांना नीट घालता येईनात. प्रशील सवयीनं पुढे झाले, "मी सोडून येतो," आणि वाक्य तोंडातच राहिलं. माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "जा ना. तुमचा मित्र आहे." ते गेले. पाऊण तासानं परत आले. काय बोलले, मी विचारलं नाही.

भाऊजी त्यानंतर आले नाहीत. घर आता पहिल्यापेक्षा शांत असतं. आबा टीव्ही जास्त बघतात. प्राचीनं एकदा विचारलं, काकांना आपल्या घराचा वास येतो का? मी तिला म्हटलं, नाही, त्यांच्या नाकाला सवय वेगळी आहे. मग मला ते उत्तर खोटं वाटलं आणि दुसऱ्या दिवशी बसवून तिला सगळं नीट सांगितलं. जात म्हणजे काय, आणि ती हसणाऱ्या माणसाच्या आतही कशी राहते. ती ऐकत होती. मध्येच म्हणाली, "पण चॉकलेट छान असायचं." मी म्हटलं, "असायचं."

प्रशील त्यांना बाहेर भेटतात, हे मला दिवाळीच्या सुमारास कळलं. त्यांनीच सांगितलं, जेवताना.

"हायवेवर एक हॉटेल आहे. तिथे बसतो आम्ही कधीतरी. तुझी चौकशी करतो तो."

"तिथे जेवता?"

"हो."

"एका टेबलावर?"

"हो, मग? हॉटेलात तो काहीही खातो. तिथे कुणी केलंय ते कळत नाही ना."

हे त्यांनी अगदी सहज सांगितलं, हवापाणी सांगावं तसं. मग आपण काय बोललो हे त्यांनाच ऐकू आलं. हातातला घास तसाच राहिला. माझ्याकडे बघायची त्यांची हिंमत झाली नाही. ताटाकडे बघत राहिले. त्यांचे कान लाल झाले होते.

मला जे सांगायचं ते त्यांनी स्वतःच स्वतःला सांगितलं होतं. मी प्राचीला भात वाढला, सासूबाईंना ताक दिलं.

ताट अर्धवट टाकून ते उठले, बाहेर ओट्यावर जाऊन बसले. बराच वेळ बसले होते. मध्ये त्यांचा फोन वाजला; भाऊजींचाच असणार. वाजत राहिला आणि बंद झाला. परत वाजला. मी आतून भांडी घासत होते, त्यामुळे दुसऱ्यांदा त्यांनी तो उचलला की नाही, ते मला कळलं नाही.